सतरा नंबरचा ट्रे

मार्चचा दुसरा आठवडा. काचघरात वीस ट्रे,
एकालाही फूल नाही.
फुलावर आलेलं गवत कुणीही ओळखतं,
गाय काही फुलाची वाट बघत थांबत नाही,
हे मी एकतीस वर्षं सांगतेय
आणि एकतीस वर्षं मागच्या बाकावर कुणीतरी हळूच हंबरतं.

भिंग घ्या. पातं खोडापासून जरा मागे ओढा.
सांध्यात एक जिभली दिसेल,
पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
कुणाची टोकदार, कुणाची फाटकी,
कुणाची असून नसल्यासारखी.
गवताला काही सांगायचं असतं असलं मी शिकवत नाही.
तोंड उघडून बघा एवढंच म्हणते,
वासराचं बघतो तसं.

मग बुडखा. गुलाबी पट्ट्यांचा पायजमा घातलेलं
ते यॉर्कशर फॉग, म्हणजे धुकं. (हसा. पण लिहून घ्या.)
बुडाशी कांदा धरलेलं टिमोथी.
चपटं, दोन बोटांत दाबल्यासारखं, ते कॉक्सफूट.
आणि नवं पान कसं येतं?
घडी घालून, की सुरळी होऊन?
राय घडी घालतं. कुरणातलं फेस्क्यू सुरळी करतं.
अर्ध्या शेतीचा हिशेब या एका सवयीवर आहे:
कुठलं दुष्काळात टिकेल, कुठलं दूध वाढवेल,
कुठल्याची मुळं चिखल धरून ठेवतील
आणि कुठलं दरवर्षी खताची गोणी मागेल.

येस्तिन प्रॉबर्टनं वीस ट्रे सहा मिनिटांत संपवले.
चार पिढ्यांची मेंढरं आहेत घरी,
गोड वासाचं गवत त्यानं दारातूनच ओळखलं,
भिंग खिशातून बाहेरसुद्धा काढलं नाही.

फेमी अदेयेमी बर्मिंगहॅमचा.
त्यानं पहिली गाय पाहिली ती सप्टेंबरात,
आणि तिनं त्याला.
सतरा नंबरपाशी तो इतका वेळ उभा राहिला
की मला वाटलं, पोराला चक्कर येतेय.
एक पान उलटं केलं. कडेवरून बोट फिरवलं.
मग कुणी बघत नाही असं समजून
ओठावरून.

पेपर रात्री तपासले.
एकोणीस जणांनी लिहिलं होतं, राय.
अकरा जणांनी, फेस्क्यू.
एकानं माझी मर्जी राखायला लॅटिनमध्ये, तेही चुकीचं.
फेमीच्या कागदावर:
'घडी रायसारखी वाटते, पण पक्की नाही.
कड खरखरीत, ती फेस्क्यूची.
नाव मला माहीत नाही.
सोमवारी पुन्हा बघू द्याल का?'

ते दोघांचं आहे.
नवव्या वाफ्याच्या कुंपणाखाली आपणहून उगवलेलं,
कुणी पेरलं नाही, कुणी फवारलं नाही.
जूनमध्ये कणीस काढतं, पोकळ. बी धरत नाही.
पण फुटवे सोडत सोडत
वीतभर सरकलंय माझ्या नोकरीत.
मला ते एलुनेद बेब बाईंनी दाखवलं होतं,
गुडघ्यावर बसून, भर वाऱ्यात,
आणि नाव विचारलं तर म्हणाल्या,
तुला काय वाटतं?
आणि निघून गेल्या जेवायला.

बाहेरून आलेले परीक्षक सभ्य गृहस्थ.
सतराच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं,
इथं आदर्श उत्तर लिहिलेलं नाही?
मी म्हटलं, सोमवार.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि गुण कुठल्या नियमात बसवायचे
यावर आम्ही एक अख्खी दुपार घालवली.

सोमवारी समुद्राकडून आडवा पाऊस.
फेमी आला, कुणाचे तरी उसने बूट घालून.
पाठोपाठ येस्तिन, तोंड फुगवून,
सतरा चुकलंच कसं ते बघायला.
तिघं कुंपणाशी वाकलो.
येस्तिननं खिशातून भिंग काढलं,
बाहीला पुसलं,
आणि आधी फेमीकडे दिलं,
कारण त्याचे स्वतःचे हात
चिखलानं भरले होते. निदान तो तसं म्हणाला.